हुक यशस्वी झाल्यानंतरचं अपयश: लिनक्सच्या एममॅप_रीजनमधला एरर पाथ

लिनक्स कर्नलच्या ६.१ आवृत्तीत, फाइल किंवा मेमरी प्रक्रियेच्या पत्त्यांना जोडणाऱ्या (मॅप करणाऱ्या) एममॅप_रीजन या फंक्शनच्या तळाशी अनमॅप_अँड_फ्री_व्हीएमए नावाचं एक लेबल आहे, आणि ते एका इफच्या महिरपी कंसाच्या आत आहे. वरून ओळीने येणाऱ्याला इफची अट पार करून आत यावं लागतं. गोटूने, म्हणजे थेट लेबलवर उडी मारून, येणारा अट न बघताच आत उतरतो. सी भाषेला हे चालतं. वाचणाऱ्याला मात्र दर वेळी थांबून ताडावं लागतं, की इथे कोण कुठून आलं आणि येताना त्याच्या हातात काय होतं.

मेमरी मॅनेजमेंटच्या कोडमधल्या एरर हँडलिंगचा, म्हणजे काही फसलं तर आवरून बाहेर पडण्याच्या मार्गाचा (एरर पाथचा) रिव्ह्यू कसा करायचा, असं कोणी विचारलं की मी याच वीसेक ओळी उघडून दाखवतो. २०२० पासून पुढची चार वर्षं त्यांच्यात भर पडत गेली. प्रत्येक भर आपापल्या जागी रास्त होती, तरी २०२४ साली त्यांतून सीव्हीई-२०२४-५३०९६ या क्रमांकाने नोंदलेला सुरक्षेचा दोष निघाला. पॅच, त्यांची कारणं, दुरुस्तीतून निघालेली नवी तक्रार, सगळं कर्नलच्या इतिहासात उघड नोंदलेलं आहे. मी ते इथे रिव्ह्यू करणाऱ्याच्या बाजूने मांडतो.

फंक्शनचं काम

व्हीएमए म्हणजे प्रक्रियेच्या पत्त्यांच्या एका सलग पट्ट्याची कर्नलने ठेवलेली नोंद. पट्टा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, त्यात लिहिता येतं का, मागे फाइल आहे का, हे तिच्यात असतं. एममॅप_रीजन ही नोंद तयार करून प्रक्रियेच्या नोंदींच्या झाडात बसवतं. वाटेत बरीच कामं होतात. मागितलेल्या पत्त्यावर जुनं मॅपिंग असेल तर ते काढायचं, मेमरीचा हिशोब मांडायचा, शेजारच्या व्हीएमएला जोडून भागतंय का बघायचं, न भागल्यास नवा व्हीएमए घ्यायचा, फाइलचा रेफरन्स वाढवायचा. मग फाइलच्या मालकाला, म्हणजे फाइलसिस्टिमला किंवा ड्रायव्हरला, त्याने यासाठी दिलेल्या फंक्शनमधून, म्हणजे एममॅप हुकमधून, हाक मारायची.

या हाकेपर्यंतचं बहुतेक सगळं कर्नलच्या स्वतःच्या ताब्यातलं आहे. घेतलेला व्हीएमए परत करता येतो, मांडलेला हिशोब पुसता येतो, बाहेर कोणाला काही कळलेलं नसतं. अपवाद एकच, आणि तो मोठा आहे: आधी काढून टाकलेलं जुनं मॅपिंग. त्याच्याकडे नंतर वळतो.

हुक चालून गेला की परिस्थिती पालटते. आत ड्रायव्हरने स्वतःसाठी मेमरी घेतली असेल, कुठला तरी काउंटर वाढवला असेल, व्हीएमएचे फ्लॅग बदलले असतील, स्वतःच्या ओपन-क्लोज फंक्शनांचा तक्ता त्याला लावला असेल, इतकंच काय, प्रक्रियेच्या पेज टेबलमध्ये (कोणता पत्ता मेमरीच्या कोणत्या पानावर जातो त्याच्या यादीत) नोंदी भरून पानं थेट वापरासाठी खुलीही केली असतील. कर्नलला यातलं काहीच दिसत नाही. त्याला मिळतो एक आकडा: शून्य किंवा एरर.

म्हणून हे फंक्शन वाचताना मी कागदावर हुकच्या ओळीशी एक जाड रेघ मारतो. रेघेच्या वर काही फसलं तर परत फिरणं स्वस्त असतं. रेघेच्या खाली फसलं तर जे आपल्याला दिसलंच नाही ते परत फिरवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. रिव्ह्यूमध्ये माझा पहिला प्रश्न हाच असतो, की रेघेच्या खाली किती गोष्टी फसू शकतात.

रेघेखाली गर्दी कशी झाली

५.१० आवृत्ती डिसेंबर २०२० मध्ये आली आणि तिच्यासोबत आर्म ६४ वर मेमरी टॅगिंगचा आधार आला. या सोयीत मेमरीच्या दर १६ बाइटांमागे ४ बिटांचा एक टॅग असतो, पॉइंटरच्या वरच्या बिटांतही एक टॅग असतो, आणि दोन्ही जुळले नाहीत की हार्डवेअर चूक पकडतं. असं टॅगिंग हव्या त्या मॅपिंगवर चालत नाही, म्हणून आर्च_व्हॅलिडेट_फ्लॅग्ज ही तपासणी आली. ती ठेवली हुकच्या नंतर, कारण हुक फ्लॅग बदलू शकतो आणि तपासायचे ते अंतिम फ्लॅग. कारण अगदी बरोबर आहे. पण रेघेखाली अपयशाची एक जागा तयार झाली, आणि तिचा गोटू गेला अनमॅप_अँड_फ्री_व्हीएमए या लेबलकडे. ते लेबल लिहिलं होतं हुक स्वतःच फसला तर काय करायचं यासाठी. हुक फसला तर ड्रायव्हर आपला पसारा आपण आवरतो, त्यामुळे तिथे त्याच्या क्लोज फंक्शनला हाक मारलेली नव्हती. आता यशस्वी झालेला हुकही त्याच दारातून बाहेर काढला जाऊ लागला, आणि त्याचा पसारा आवरायला कोणीच उरलं नाही.

याचं उदाहरण २०२२ च्या दुरुस्तीतच दिलेलं आहे आणि ते जवळून बघण्यासारखं आहे. बीपीएफ, म्हणजे कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवायची सोय; तिच्यातला डेटाचा साठा म्हणजे बीपीएफ मॅप, आणि तो प्रक्रियेच्या मेमरीत मॅप करता येतो. त्याचा एममॅप हुक, मॅपिंग लिहिण्याजोगं असेल तर, राइटकाउंट नावाचा काउंटर एकने वाढवतो. क्लोज तो एकने कमी करतो. टॅगिंगची सोय असलेल्या आर्म ६४ यंत्रावर साध्या प्रोग्रॅमने एममॅप करताना टॅगिंग मागणारा प्रॉट_एमटीई हा फ्लॅग जोडला की हुक यशस्वी होतो, काउंटर १ होतो, मग फ्लॅगची तपासणी फसते, प्रोग्रॅमला इनव्हॅलिडची एरर मिळते आणि क्लोज कधीच चालत नाही. प्रोग्रॅम संपून मॅप सोडला गेला तरी काउंटर १ वरच. या काउंटरवर एक निर्णय अवलंबून असतो: मॅप फ्रीझ करायचा, म्हणजे पुढे बदलता येणार नाही असा करायचा, तर त्यावर लिहिणारं कोणी नसावं लागतं. काउंटर अडकला की असा मॅप फ्रीझ करायला गेल्यावर, कोणीही लिहीत नसताना, ‘व्यस्त’ असं उत्तर येणार. दोन बाइट मेमरीही गळालेली नाही, तरी हा लीकच आहे. एरर पाथ वाचताना आपली नजर मेमरीच्या लीककडे जाते. मोजण्यांचे लीक डोळ्यांसमोरून निसटतात.

दुरुस्ती सरळ होती. क्लोज_अँड_फ्री_व्हीएमए हे नवं लेबल जुन्याच्या वर आलं. त्यात आधी क्लोजला हाक, मग खाली घसरत जुन्या मार्गाने अनमॅप, मग व्हीएमए परत. तो पॅच मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मलाही तो पूर्ण वाटला. जे वाढलं ते कमी होतंय, जे घेतलं ते परत जातंय, अशी जुळवणी मी केली आणि पुढे गेलो. मेख तिथेच होती, आणि ती मला दिसली नाही.

त्याच ६.१ आवृत्तीत आणखी एक बदल झाला आणि रिव्ह्यूच्या दृष्टीने तो मला फार शिकवून गेला. व्हीएमए ठेवायचं जुनं लाल-काळं झाड जाऊन मॅपल ट्री आलं. जुन्या झाडाची गाठ व्हीएमएच्या रचनेतच असायची, म्हणून झाडात नोंद बसवायला वेगळी मेमरी लागत नसे आणि ते पाऊल फसूच शकत नव्हतं. मॅपल ट्रीचे नोड वेगळे, ६४ बिटांवर प्रत्येकी २५६ बाइटांचे. ते आधी घेऊन ठेवावे लागतात, आणि मेमरी घ्यायची म्हटलं की ती मिळणार नाही ही शक्यता आलीच. डेटा स्ट्रक्चर बदललं आणि कालपर्यंत न फसणारं पाऊल फसू शकणारं झालं. ते होतं रेघेच्या खाली. बदलाचा विषय वेगाचा आणि लॉकिंगचा असल्याने रिव्ह्यूची नजर तिकडे असणं साहजिक आहे, पण ‘या बदलाने कोणतं पाऊल नव्याने फसू शकतं’ हा प्रश्न अशा पॅचला मुद्दाम विचारावा लागतो.

पुढचे दोन बदल लवकर सांगतो. ६.३ मध्ये, २०२३ साली, लिहिता आणि चालवता दोन्ही येईल अशी मेमरी स्वतःसाठी बंद करण्याची सोय प्रक्रियेला मिळाली. तिची तपासणी हुकनंतर. ६.७ मध्ये, २०२४ च्या सुरुवातीला, फाइलवर लिहिणाऱ्या मॅपिंगांची मोजणी करणारी मॅपिंग_मॅप_रायटेबल ही तपासणी हुकच्या आधी होती ती नंतर नेली. कारणाकडे शेवटी येतो. शिवाय ड्रायव्हरने व्हीएमएचा पत्ताच बदलला तर इशारा छापून बाहेर पडणारी एक तपासणी होतीच. सगळे जाणार क्लोज_अँड_फ्री_व्हीएमएकडे. लेबल तयार होतं, नवा गोटू जोडायला एक ओळ पुरत होती, आणि रिव्ह्यूमध्ये ती ओळ पटकन ‘बरोबर’ म्हणून सुटते.

क्लोज आधी की अनमॅप आधी

नेहमीच्या मार्गाने मॅपिंग काढताना कर्नल काय करतं ते शेजारी ठेवून बघा. मनमॅपमध्ये आधी पेज टेबलमधल्या नोंदी पुसल्या जातात, प्रोसेसरच्या टीएलबीतली (पेज टेबलमधल्या नोंदी हाताशी ठेवणाऱ्या साठ्यातली) जुनी भाषांतरं काढली जातात, आणि नंतर व्हीएमएच्या क्लोजला हाक जाते. म्हणजे ड्रायव्हरच्या दृष्टीने क्लोज आलं याचा अर्थ आता या पट्ट्यातून माझ्या पानांकडे कोणी बघत नाही. हे कुठे ठळक नियम म्हणून लिहिलेलं नसलं तरी ड्रायव्हर लिहिणारा त्यावर विसंबतो, कारण रोज घडतं तेच.

एरर पाथमध्ये क्रम उलटा होता. आधी क्लोज, मग अनमॅप.

समजा एखादा ड्रायव्हर हुकमध्ये काही पानं घेतो, रीमॅप_पीएफएन_रेंजने ती प्रक्रियेच्या पेज टेबलमध्ये लावतो, आणि क्लोजमध्ये ती अलोकेटरला (मेमरी वाटणाऱ्या कर्नलच्या भागाला) परत करतो. असं लावलेल्या पानांचा रेफरन्स पेज टेबल धरून ठेवत नाही. पानं जिवंत ठेवणं हे ड्रायव्हरचंच काम. आता हुक यशस्वी झाला, पुढची तपासणी फसली, क्लोज चाललं, पानं परत गेली. पेज टेबलमधल्या नोंदी अजून तशाच आहेत. त्याच प्रक्रियेचा दुसरा थ्रेड नेमक्या त्या पत्त्यावर वाचतो किंवा लिहितो आहे, आणि मॅप_फिक्स्ड (नेमका हाच पत्ता हवा असं सांगणारा फ्लॅग) वापरला असेल तर पत्ता त्याला आधीच ठाऊक आहे. परत गेलेलं पान या मधल्या वेळात दुसऱ्या कोणाला, अगदी कर्नलच्या स्वतःच्या कामाला दिलं गेलं, तर हा थ्रेड आता परक्याच्या मेमरीत लिहितो आहे.

इथे रिव्ह्यू करणाऱ्याच्या मनात एक उत्तर चटकन येतं: पण एममॅप लॉक लिहिण्यासाठी धरलेलं आहे ना? धरलेलं आहे. त्या लॉकमुळे दुसरा एममॅप किंवा मनमॅप मध्ये घुसणार नाही. पण पेज टेबलमध्ये नोंद हजर असेल तर प्रोसेसरचं हार्डवेअर ती स्वतः वाचतं आणि पानापर्यंत जातं. पेज फॉल्ट होत नाही, कर्नलचा कोड चालत नाही, लॉक विचारलंच जात नाही. लॉक कर्नलच्या कोडला अडवतं, हार्डवेअरला नाही. मेमरी मॅनेजमेंटचा एरर पाथ वाचताना एखाद्या ड्रायव्हरच्या एरर पाथपेक्षा जास्त काळजी घ्यावी लागते ती यासाठी: आपण आवराआवर करत असताना ज्या वस्तूला हात लावतो आहोत ती त्याच क्षणी कोणी तरी वापरत असू शकतं, आणि त्याला थांबवायचा एकच मार्ग म्हणजे पेज टेबलमधली नोंद पुसणं.

मग उलटा क्रम सुचला तरी कसा? माझ्या मते गोटूच्या शिस्तीमुळेच. कर्नलमधली रीत अशी, की शेवटी केलेलं आधी परतवायचं. लेबलं उलट्या क्रमाने लावायची आणि फसलेल्या पावलाप्रमाणे योग्य जागी उडी मारायची. रीत उत्तम आहे, मी ती प्रत्येक पॅचमध्ये मागतो. पण ती गृहीत धरते की प्रत्येक पाऊल एकसंध आहे. हुक तसा नाही. त्याच्या आत दोन कामं होऊ शकतात: पानं घेणं आणि ती पेज टेबलमध्ये लावणं. खरा उलटा क्रम म्हणजे आधी नोंदी पुसणं, मग पानं परत करणं. पहिलं काम कर्नलचं, दुसरं ड्रायव्हरचं. बाहेरून बघणाऱ्याला हुक एकच वीट दिसतो, म्हणून त्याच्या जोडीचं क्लोजही एक वीट म्हणून सगळ्यात आधी येतं, आणि आतला क्रम मोडतो.

तेव्हापासून मी एरर पाथ दोनदा वाचतो. एकदा उभारणीच्या उलट्या क्रमाशी ताडून, आणि एकदा त्याच वस्तूच्या नेहमीच्या विसर्जनाच्या मार्गाशी ताडून. दोन्ही जुळत नसतील तर पॅच पुढे जाऊ देत नाही. २०२२ चा पॅच पहिल्या वाचनात पास होतो, दुसऱ्यात अडकतो.

यंत्राच्या चाचण्यांतून हे का सुटलं

नोड मिळाला नाही म्हणून फसण्याचा मार्ग नेहमीच्या वापरात जवळजवळ चालतच नाही. जीएफपी_कर्नलने, म्हणजे कर्नलच्या नेहमीच्या रीतीने, मागितलेली छोटी मेमरी, म्हणजे ४ किलोबाइटांच्या पानांच्या हिशोबाने सलग ८ पानांपर्यंत, ३२ किलोबाइट, लिनक्सचा अलोकेटर सहसा नाकारत नाही. तो जुनी पानं मोकळी करतो, वाट बघतो, शेवटी एखादी प्रक्रिया मारतो, पण नाही म्हणत नाही. २५६ बाइटांचा नोड तर किरकोळ. म्हणजे एनोमेमचे (मेमरी मिळाली नाही या एररचे) शेकडो एरर पाथ लिहिलेले असतात, आणि बहुतेक वेळा मेमरीसाठी मारायला निवडलेल्या प्रक्रियेशिवाय कोणी त्यांवरून चालत नाही.

यासाठी कर्नलमध्ये फॉल्ट इंजेक्शन आहे. २००७ च्या २.६.२० पासून फेलस्लॅबसारख्या सोयींनी अलोकेशन मुद्दाम फसवता येतं, आणि २०१७ च्या ४.१३ पासून फेल-एनथने सांगता येतं की या थ्रेडची येत्या सिस्टिम कॉलमधली पाचवी फसू शकणारी जागा फसव, मग सहावी, मग सातवी. मेमरी मॅनेजमेंटला हात लावणाऱ्या पॅचसोबत हे चालवलंय का, हे मी विचारतोच. लीक सापडतात, नल पॉइंटर सापडतात, दोनदा फ्री केलेलं सापडतं.

हा बग त्यात सापडणं कठीण होतं. एरर पाथ चालतो, एरर परत येते, सगळ्या मोजण्या जुळतात, लीक शोधणारा केमेमलीक गप्प राहतो. चूक फक्त क्लोज आणि अनमॅप यांच्यामधल्या फटीत आहे, आणि ती दिसायला दुसरा थ्रेड त्याच फटीत त्याच पत्त्यावर असायला हवा. तो असला तरी केसॅन हा मेमरीचा गैरवापर शोधणारा तपासनीस ते पकडत नाही, कारण केसॅन कर्नलच्या कोडने केलेले मेमरी व्यवहार तपासतो. इथे परत गेलेल्या पानाला हात लावते यूझर स्पेस. दुसरीकडे, फ्लॅगची तपासणी आणि लिहिणं-चालवणं बंदीची तपासणी फसवायला मेमरीची टंचाई लागतच नाही. प्रोग्रॅमने नेमके फ्लॅग दिले की पुरे. म्हणून मी ‘हा मार्ग कधी चालतच नाही’ हे उत्तर रिव्ह्यूमध्ये स्वीकारत नाही. एका लेबलकडे चार गोटू येत असतील आणि त्यांतला एक वापरणाऱ्याच्या हुकमाने चालत असेल, तर ते लेबल वापरणाऱ्याच्या ताब्यात आहे.

६.१२ ची दुरुस्ती

दुरुस्तीचा सोपा मार्ग होता क्रम बदलण्याचा: अनमॅप आधी, क्लोज नंतर. पाच पॅचच्या मालिकेने तो घेतला नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ती टिकाऊ झाली. तिने रेघेखालच्या अपयशाच्या जागाच काढून टाकल्या.

पहिल्या पॅचने हुक फसला की व्हीएमएला लावलेला ड्रायव्हरचा तक्ता काढून रिकामा तक्ता लावायला सुरुवात केली, म्हणजे अर्धवट अवस्थेतल्या ड्रायव्हरला पुन्हा कोणी हाक मारणार नाही. दुसऱ्याने क्लोज झाल्यावरही तेच केलं. क्लोज झालंय की नाही याची खूण वेगवेगळ्या जागी सांभाळण्यापेक्षा, क्लोज झाल्या क्षणी तक्ताच रिकामा. मग दुसऱ्यांदा हाक गेली तरी काही होत नाही. तिसऱ्याने लिहिणं-चालवणं बंदीची तपासणी व्हीएमएऐवजी नुसत्या फ्लॅगवर चालेल अशी केली, म्हणजे व्हीएमए नसतानाही ती करता येईल.

चौथा पॅच दिसायला किरकोळ आहे, पण माझ्या दृष्टीने सगळ्या मालिकेची किल्ली त्यात आहे. टॅगिंगची तपासणी हुकनंतर का होती? कारण टीएमपीएफएस या मेमरीतच राहणाऱ्या फाइलसिस्टिमच्या फाइलवर टॅगिंग चालतं हे सांगणारा फ्लॅग त्याचा एममॅप हुक लावत असे. तपासणी वर नेली तर तो फ्लॅग अजून लागलेला नसणार आणि जे चालायला हवं ते नाकारलं जाणार. या पॅचने ती माहिती हुकमधून काढून फ्लॅग मोजण्याच्या जागी आणली: फाइल टीएमपीएफएसची आहे का, हे हुकशिवायही कळतं. ‘तपासणी इथेच असायला हवी’ असं कोडची टिप्पणी सांगते तेव्हा तिला नेमकी कोणती माहिती हवी आहे ते विचारावं. ती माहिती आधी मिळवता आली की तपासणीही वर जाऊ शकते.

पाचव्याने प्रत्यक्ष हलवाहलव केली. फ्लॅगच्या आणि बंदीच्या तपासण्या सगळ्यात आधी, लिहिणाऱ्या मॅपिंगची मोजणी बाहेरच्या फंक्शनमध्ये, मॅपल ट्रीचे नोड हुकच्या आधी घेऊन ठेवलेले. स्पार्क प्रोसेसरवर हुकने फ्लॅग बिघडवले तर आता एरर नाही, इशारा. इफच्या पोटातलं लेबल गेलं. नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ मध्ये हे आलं आणि दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या जुन्या शाखांतही गेलं.

आता तो सुरुवातीचा अपवाद. मॅप_फिक्स्डने जुन्या मॅपिंगवर नवं मागितलं की पूर्वी जुनं आधी काढलं जायचं. पुढे काही फसलं तर नवंही नाही, जुनंही नाही, पत्त्यांत भोक. त्याच ६.१२ मध्ये हे काढणं दोन टप्प्यांत विभागलं: आधी काढायचे व्हीएमए बाजूला गोळा करायचे, सगळं पार पडलं की मग खरं विसर्जन. मध्ये फसलं तर गोळा केलेले परत बसवता येतात. पण पेज टेबलच्या नोंदी पुसून क्लोज होऊन गेलं असेल तर आजही भोकच राहतं, आणि कोड तसं स्पष्ट सांगतो: क्लोजनंतर ओपनला हाक मारून जुनी स्थिती परत येत नाही, कारण ही जोडी बहुतेक ठिकाणी एकमेकांचं खरं उलट नसते आणि आतली माहिती तोवर गेलेली असते. जिथे परत फिरता येत नाही तिथे परत फिरल्याचं सोंग न करता एरर देणं, हे मला प्रामाणिक वाटतं.

वर नेलेल्या तपासणीची किंमत

६.७ मध्ये लिहिणाऱ्या मॅपिंगची तपासणी हुकनंतर का नेली होती, ते आता सांगतो. मेमएफडीवर, म्हणजे फक्त मेमरीत राहणाऱ्या फाइलवर, एफ_सील_राइट हे सील लावलं की त्यावर कोणी लिहू नये. पण असं मेमएफडी नुसतं वाचण्यासाठी शेअर्ड मॅप करणंही नाकारलं जात होतं, कारण पुढे एमप्रोटेक्टने लिहिण्याची परवानगी मागता येईल अशी शक्यता उघडी राहायची. ६.७ ने हुकला ती शक्यता बंद करू दिली, आणि तपासणी त्यानंतर केली. वाचण्यासाठीचं मॅपिंग चालू लागलं.

६.१२ मध्ये तपासणी पुन्हा वर गेली, शक्यता बंद करणारा हुक मागे राहिला, आणि ते मॅपिंग पुन्हा नाकारलं जाऊ लागलं. सुरक्षेची चूक काढताना चालत्या प्रोग्रॅमची सोय तुटली. टॅगिंगसाठी चौथ्या पॅचने जे केलं, म्हणजे तपासणीला लागणारी माहिती आधी वर आणली, ते सीलसाठी झालं नव्हतं. मालिकेचा रिव्ह्यू करताना मी तिथे असतो तर पकडलं असतं का? खात्रीने हो म्हणता येत नाही. हलवलेल्या प्रत्येक तपासणीमागे ‘हिला हुकमधून काय मिळत होतं’ हा प्रश्न तीनही तपासण्यांना सारखाच विचारायला हवा होता. आज मी तो कागदावर लिहून विचारतो.

जानेवारी २०२५ च्या ६.१३ मध्ये सीलची तपासणी डू_एममॅपमध्ये, म्हणजे एममॅप_रीजनच्याही आधी आली आणि तिथेच लिहिण्याची पुढची शक्यता बंद केली जाऊ लागली. सील केलेलं मेमएफडी वाचण्यासाठी मॅप करून बघणारी चाचणीही त्यासोबत कर्नलच्या चाचण्यांत आली.

जुलै २०२५ च्या ६.१६ मध्ये एममॅप_प्रिपेअर हा नवा हुक आला. तो व्हीएमए तयार होण्याआधीच चालतो, ड्रायव्हरला व्हीएमए न देता नुसतं वर्णन देतो, आणि ड्रायव्हरने त्यात हवे ते फ्लॅग आणि तक्ता भरून परत करायचं. फसला तर परतवण्यासारखा व्हीएमएच नसतो. सगळे ड्रायव्हर एकदम त्यावर जाणार नाहीत. एकेकाला हलवावं लागतं. असा एखादा पॅच रिव्ह्यूला आला की मी आधी त्या ड्रायव्हरचा जुना एममॅप हुक उघडतो आणि तो पानं कुठे घेतो, पेज टेबलमध्ये कुठे लावतो आणि क्लोजमध्ये काय परत करतो, या तीन ओळींवर खूण करून मगच नवा कोड वाचायला घेतो.